हीटर

सोनगीरच्या उखा तांबटाने गाडी पहिल्यांदा पाहिली
तेव्हा वाकून, पुढच्या जाळीत बोट घालून म्हणाला,
"इतलंसं नाक? आनि एवढी मोठी छाती?"
मी पुस्तकातून अश्वशक्ती वाचून दाखवली.
तो हंड्याच्या बुडाला ठोके देत ऐकत राहिला.
"रस्तावर चाली जाई," म्हणाला.
"रस्तावर सगळंच चालस."

धुळ्याबाहेरची जुनी धावपट्टी,
विमान उतरल्याचं कुणाला आठवत नाही.
मेचा दुसरा रविवार, सकाळचे नऊ, सावलीतच एकोणचाळीस.
रबरी शंकू, टायरांच्या चळती,
एक लांब सरळ, जिच्या टोकाला डांबर पाण्यासारखं हलतं.
सुरतेची पोरं, इंदूरची पोरं,
आणि मी, जळगावची दातांची डॉक्टर, वय सेहेचाळीस,
गळ्याशी ओला पंचा.

पहिली फेरी घाबरत. दुसरी बरी.
तिसरीत, वळणातून निघताना, मागचं चाक जरासं सुटलं
आणि मी हेल्मेटच्या आत एकटीच हसले.

काटा तेव्हा पाहिला नाही.
रस्त्यावर तो मध्यावर झोपलेला असतो,
मुक्ताईनगरला जाऊन आलं तरी कूस बदलत नाही.
आता लाल रेघेपासून नखभर.
ब्रेकचं पॅडल पिकल्या केळासारखं मऊ,
आणि एक गोडसर वास, काकवी लागावी तसा.

पहिला विचार: थांबव, बंद कर.
दुसरा उखाचा, आदल्या रात्री बोट नाचवून सांगितलेला:
"तापनी तं बंद करू नको, बाई.
उभं पानी उकळस.
काचा उघड. हीटर लाव. बठ्ठा."

मे महिना. धुळे. हीटर.
चार वर्षांत त्या गोल बटणाला हात लागला नव्हता,
कंपनीने ते भलत्याच कुठल्या देशासाठी बसवलं असणार.
लाल टोकापर्यंत फिरवलं. पंखा चारवर.

आधी पाय. मग गुडघे.
मग इंजिनाचा ताप सरळ मांडीवर येऊन बसला,
पाहुण्यांच्या आगाऊ पोरासारखा, जड.
घाम डोळ्यांत. बाहेरचा वारा उकळताच,
पण आत शिरला की गार वाटायचा.
वरचा गिअर, हलका पाय, ब्रेकला शिवायचं नाही,
सुरतेची पोरं सटासट पुढे.
काटा केसभर उतरला. मग अजून केसभर.
तिथून उतरलेलं सगळं माझ्या अंगावर चढत होतं,
हिशेब चोख.

फेरी संपली तिथे उखा, दोन्ही हात वर.
हँडब्रेक ओढू दिला नाही, चाकाखाली वीट सरकवली.
बॉनेट उघडलं तसा एक पोरगा बादली घेऊन धावला,
त्याला अशी शिवी बसली
की पाणी त्याच्याच चपलांवर सांडलं.
"तापेल पितळवर थंडं पानी वतस?"
रेडिएटरच्या टोपणाला कुणी हात लावायचा नाही.
मग तो पंख्याचा आवाज ऐकत बसला, डोळे मिटून,
भांडं वाजवून बघतात तसा.

जुन्या कूलरचा पत्रा कापून त्याने जाळीमागे पन्हाळ ठोकली,
आत आलेला वारा बाजूने पळून जाऊ नये म्हणून.
नंबर प्लेट काढून माझ्या हातात दिली.
वाऱ्याला वाचता येत नाही, म्हणाला, मधे कशाला?
आणि दर दोन फेऱ्यांना एक थंड फेरी.
"दात काढस तव्हय मानूसले चूळ भरू देस ना? तसंच."

दुपारपर्यंत अकरा फेऱ्या झाल्या.
वेळ सांगत नाही, चांगली नव्हती.

परतताना केळीच्या ट्रकमागे, नंबर प्लेट जागेवर,
काटा मध्यावर झोपलेला.
पारोळ्याला लस्सीसाठी थांबले.
चावीकडे गेलेला हात आवरला,
मिनिटभर इंजिन तसंच चालू दिलं,
तेव्हा दिसलं: गोल बटण अजून लाल टोकालाच.

पस्तीस किलोमीटर.
मला वाटलं, खानदेश आहे,
एवढं असणारच.